आजोबांचें गाणें

राजशेखर कवीनें ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुषाच्या लग्नाची एक मौजेची कथा सांगितली आहे. सरस्वतीचा हा पुत्र एकदां रुसून घराबाहेर पडला. त्याला बांधून ठेवील असें कांहीं तरी हवें, म्हणून गौरीनें साहित्यविद्या नांवाची वधू निर्माण केली आणि तिला त्याच्या मागोमाग धाडिलें. पूर्वेकडे, पांचाल देशांत, अवंतींत, जिकडे तो जाई तिकडे ती जाई. तिचा वेष, तिचें नृत्य, तिची बोलण्याची ढब पाहून त्या त्या देशांत निरनिराळ्या रीति रूढ झाल्या. पण काव्यपुरुषाचें मन कांहीं पुरतें वळेना. अखेर दक्षिणेंत, विदर्भांतील वत्सगुल्म नांवाच्या नगरांत, तें वळलें, आणि तेथें त्यानें तिच्याशीं गांधर्व विधीनें विवाह केला. हें वत्सगुल्म म्हणजे आजचें वाशीम. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. तेथील राजा सर्वसेन हा स्वतः कवि होता व ‘हरिविजय’ नांवाचें प्राकृत काव्य त्यानें रचिलें होतें. राजशेखरानें ‘कर्पूरमंजरी’ सट्टकाच्या आरंभीं रीतींचीं नांवें घेतांना ‘वच्छोमी’ असें जें नांव घेतलें आहे, तें याच गांवावरून पडलेलें आहे. एका गांवाच्या नांवानें बोलण्याची एक रीति ओळखली जावी, हा मान फार थोड्या गांवांस मिळालेला असेल. आज पद्मतीर्थाच्या पायऱ्यांवर बसणाऱ्या किंवा बालाजीच्या दर्शनास आलेल्या मनुष्यास त्याची आठवण असतेच असें मात्र नाहीं.

गाण्याच्या प्रांतांत या मुलखाला असाच एक मान मिळाला, आणि तो वाशीमच्या शेजारींच जन्मास आला. वाशीमचा जुना जिल्हा १९०५ सालीं मोडून अकोला जिल्ह्यांत घालण्यांत आला होता. १९९८ सालीं तो पुन्हा वेगळा झाला. त्यामुळें १९२० च्या मे महिन्याच्या २ तारखेस मूर्तिजापूर येथें वसंतराव देशपांडे जन्मले, तेव्हां वाशीम, कारंजा आणि मूर्तिजापूर हीं तिन्ही एकाच जिल्ह्यांतलीं गांवें होतीं. मूर्तिजापुराहून यवतमाळास जाणारी ‘शकुंतला’ नांवाची चिमुकली आगगाडी कारंज्यावरून जाई. अरुंद रुळांवरून, कपाशीच्या शेतांमधून ती अशा बेतानें चाले कीं, तिच्या गतीची थट्टा करणें हा वऱ्हाडांत एक नित्याचा विरंगुळा होऊन बसला होता. ती गाडी आतां बंद पडली आहे. कापूस तिनें पुष्कळ वाहून नेला. गाणें मात्र या मुलखांतून गेलें तें दुसऱ्याच वाटेनें, नागपुराकडे.

वसंतराव ३० जुलै १९८३ रोजीं निवर्तले. त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनीं, १ एप्रिल २०२२ रोजीं, ‘मी वसंतराव’ हा त्यांच्या चरित्रावरील बोलपट पडद्यावर आला. निपुण धर्माधिकारी यांनीं तो दिग्दर्शित केला. वसंतरावांची भूमिका त्यांचे नातू राहुल देशपांडे यांनीं केली, आणि संगीतही त्यांचेंच. बोलपट म्हणून त्याविषयीं बोलण्यासारखें बरेंच आहे. तो बराच लांबला आहे हेंही त्यांत आलें. पण येथें विचार करावयाचा तो त्यांतल्या गाण्यांचा. जुनीं नाट्यपदें, लावणी, गझल, ठुमरीच्या अंगाचें गाणें आणि अगदीं नव्या रचना असा हा मोठा संग्रह आहे. चित्र न पाहतांही तो सलग ऐकतां येतो, आणि ऐकणाऱ्यास लवकरच उमगतें कीं, ही एका गेलेल्या गवयाला त्याच्याच विद्येनें वाहिलेली अंजलि आहे. २०२० या वर्षाचीं राष्ट्रीय चित्रपट पारितोषिकें २०२२ च्या जुलैंत जाहीर झालीं, तेव्हां पार्श्वगायकाचें पारितोषिक राहुल देशपांडे यांना या बोलपटासाठीं मिळालें.

अशी अंजलि वाहण्याची रीत जगांत इतरत्रही आहे. अमेरिकेंत ग्रॅम पार्सन्स नांवाचा एक गायक १९७३ सालीं अवघ्या सव्विसाव्या वर्षीं गेला. तेथील खेड्यापाड्यांतलें जुनें गाणें आणि शहरांतलें रॉक संगीत यांचा सांधा त्यानें जुळविला होता. हयातींत त्याचें चीज फारसें झालें नाहीं. १९९९ सालीं, त्याच्याबरोबर पूर्वीं गाणाऱ्या एमीलू हॅरिस यांच्या पुढाकारानें, अनेक नामांकित गायकांनीं त्याचीं गाणीं आपापल्या ढंगानें गाऊन एक संग्रह काढला. तेथें गाणें गेलेल्या माणसाचें आणि गळा प्रत्येकाचा आपापला, असा सरळ व्यवहार आहे. लिहून ठेवलेलें गाणें दुसऱ्यानें गाइलें तर त्यांत अवघड तें काय? आपल्याकडे ही गोष्ट इतकी सोपी नाहीं. ख्याल गाणारा गवई मागें ठेवून जातो तें काय? चीज त्याच्या आधींपासूनची, राग कोणा एकाचा नाहीं, ताल सर्वांचा. त्याचें स्वतःचें म्हणून जें असतें तें त्या त्या रात्रीं त्या त्या मैफलींत घडतें आणि तेथेंच विरतें. मग नातवानें आजोबांचें गाणें गावयाचें म्हणजे नेमकें काय गावयाचें, हा प्रश्न उरतो. ‘मी वसंतराव’ मधील संगीताचें मोल ठरतें तें या प्रश्नाला त्यानें काय उत्तर दिलें त्यावरून.

त्यासाठीं वसंतरावांचें गाणें कसें घडलें तें थोडें पाहिलें पाहिजे. वडिलांपासून दूर, आईनें त्यांना नागपुरांत वाढविलें. पहिलें शिक्षण शंकरराव सप्रे यांच्या श्रीराम संगीत विद्यालयांत झालें. (पुढें हिंदी चित्रपटांना चाली देऊन गाजलेले सी. रामचंद्र हेही तेथलेच विद्यार्थी. एका शाळेच्या दोन बांकांवरून निघालेल्या वाटा किती दूरदूर जाऊं शकतात, याचें हें एक उदाहरण.) भालजी पेंढारकरांनीं ‘कालिया मर्दन’ बोलपटांत या मुलाला कृष्ण केलें, तें १९३५ सालीं. मामांबरोबर लाहोरास जाण्याचा योग आला व तेथें असद अली खां यांच्याकडून मारवा मिळाला. पुढें किराण्याचे सुरेशबाबू माने, भेंडीबाजारचे अमान अली खां, असे गुरु होत गेले. या सर्वांवर मनांत ठसा राहिला तो मास्टर दीनानाथ मंगेशकरांचा. दीनानाथांच्या गाण्यांतली ती झेप, स्वरावर अकस्मात् घातलेली ती झडप, पदाच्या मध्येंच लखलखून जाणारी ती वीज, या सर्वांचें वसंतरावांस जें वेड लागलें तें जन्मभर सुटलें नाहीं.

इतके गुरु झाले, पण घराणें एकही झालें नाहीं. हें आजच्या वाचकास कदाचित् क्षुल्लक वाटेल. त्या काळीं तें क्षुल्लक नव्हतें. गवयाचें घराणें म्हणजे त्याची जात, त्याचा पत्ता आणि त्याची हुंडी, तिन्ही एकदम. जलशाच्या व्यवस्थापकास तें विचारावें लागे, समीक्षकास लिहावें लागे. कोणी वसंतरावांस घराणें विचारलें तर आपलें घराणें आपल्यापासूनच सुरू होतें, असें ते म्हणत, अशी आठवण सांगतात. तें उत्तर ऐकून लोक हंसत असतील. पण त्या विनोदाखालीं जें दुखणें होतें तें उघडच आहे. पुण्यास लष्करी हिशेबखात्यांत त्यांनीं सुमारें चोवीस वर्षें कारकुनी केली. दिवसा आंकड्यांच्या वह्या आणि रात्रीं तंबोरा, असा हा संसार. पु. ल. देशपांड्यांसारखे मित्र त्यांचें गाणें ओळखून होते, जाणते कान त्यांच्या मैफली शोधीत जात. पण ज्याला लौकिक म्हणतात तो दाराशीं येऊन थबकलेलाच राहिला.

तो आंत आला १९६७ सालीं, आणि तोही नाटकाच्या दारानें. पुरुषोत्तम दारव्हेकर हे नागपूरचे. त्यांनीं ‘कट्यार काळजात घुसली’ लिहिलें, जितेंद्र अभिषेकींनीं पदांना चाली दिल्या, आणि वसंतराव खांसाहेब आफताब हुसेन झाले. दोन घराण्यांच्या स्पर्धेचें हें नाटक. गुणांत कमी नसूनही वर्षानुवर्षें दुय्यम ठरलेला, त्यामुळें आंतून जळणारा, आणि जिंकल्यावरही समाधान न पावणारा असा हा खांसाहेब आहे. सत्तेचाळीस वर्षांच्या त्या नटाला यांत अभिनय किती करावा लागला असेल आणि आठवण किती पुरली असेल, हें कोणी सांगावें! ज्याला घराणें नाहीं म्हणून बोल लागत होता, त्यानेंच रंगभूमीवर घराण्याचा अभिमान असा उभा केला कीं, ती भूमिका आणि तो गवई यांना वेगळें करणें प्रेक्षकांस पुढें कधीं जमलेंच नाहीं. संगीत नाटक अकादमीचें पारितोषिक मिळालें तें १९८२ सालीं. त्यानंतर वर्षभरांतच ते गेले.

त्यांच्या मारव्याविषयीं येथें थोडें सांगितलें पाहिजे, कारण या संगीतांतली मेख तेथें आहे. मारवा सायंकाळीं गातात. त्यांत पंचम नाहीं, रिषभ कोमल आहे, मध्यम तीव्र आहे. पण त्याची खरी अडचण षड्जाशीं आहे. इतर रागांत गवई हिंडून फिरून षड्जावर येतो व तेथें त्याला घरीं आल्यासारखें वाटतें. मारव्यांत तो षड्जाला बगल देत राहतो; रिषभावर थांबतो, धैवतावर थांबतो, घरावरून जातो आणि आंत शिरत नाहीं. मागें तंबोऱ्याचा षड्ज वाजतच असतो, त्यामुळें ऐकणाऱ्यास घर सारखें दिसतें आणि भेटत मात्र नाहीं. पुष्कळ वेळानें जेव्हां षड्ज लागतो तेव्हां अंगावर कांटा येतो. वसंतरावांचा मारवा ध्वनिमुद्रित झालेला आहे. ज्यांनीं तो ऐकला असेल त्यांना हें वर्णन अपुरें वाटेल. पंचम गाळून गाइलेला त्यांचा राजकल्याणही असाच. नेहमींच्या आधाराचा एक खांब काढून घ्यावयाचा आणि छप्पर तरीही तोलून धरावयाचें, याची त्यांना हौस होती.

राहुल देशपांडे यांचा जन्म १९७९ सालचा. म्हणजे आजोबा गेले तेव्हां ते चार वर्षांचेही नव्हते. ज्या गवयाचा वारसा सांगावयाचा त्याच्यासमोर बसून एक स्वरही घेतलेला नाहीं, अशी ही विलक्षण तालीम आहे. शिक्षण झालें तें गंगाधरबुवा पिंपळखरे, मुकुल शिवपुत्र अशा दुसऱ्या गुरूंकडे. आजोबा भेटले ते फितींतून आणि तबकड्यांतून. जुन्या ध्वनिमुद्रणांत खरखर असते, मध्येंच कोणी खोंकतो, कोणी वाहवा करतो, आणि ऐन रंगांत फीत संपते. त्या तुटक्या सामग्रीवरून मनुष्य उभा करावयाचा म्हणजे नक्कल करण्याचा मोह फार. आवाजाचा पोत, शब्द फेंकण्याची लकब, तानेच्या शेवटीं घेतलेला हिसका, हें सगळें उचलतां येतें. श्रोतेही त्यावर खूश असतात, कारण त्यांना गेलेला मनुष्य क्षणभर परत आल्यासारखा वाटतो. २०१० च्या सुमारास राहुल देशपांडे ‘कट्यार’ मधील खांसाहेबांच्या भूमिकेंत उभे राहिले, तेव्हां थिएटरांत आलेल्या जुन्या रसिकांची हीच अपेक्षा असणार.

येथें पुन्हा राजशेखराची आठवण होते. ज्या ग्रंथांत त्यानें वत्सगुल्मांतलें लग्न लावलें, त्याच ग्रंथांत पुढें त्यानें एका कवीनें दुसऱ्याचा अर्थ उचलावा तर तो कसा, याचा बारकाईनें विचार केला आहे. एक उचलणें आरशांतल्या प्रतिबिंबासारखें. त्याला तो कवित्वच मानीत नाहीं. दुसरें चित्रासारखें, रेखाटणाराचा हात त्यांत थोडा दिसतो. तिसरें दोन निराळ्या माणसांचे चेहरे सारखे असावेत तसें. आणि चौथें, जें राजशेखरास विशेष वाटलें, त्याचें नांव परपुरप्रवेश: योगी जसा दुसऱ्याच्या देहांत शिरतो तसें, मूळ एकच, पण वरचा सगळा पसारा वेगळा. हजार वर्षांपूर्वींच्या या शास्त्रकाराला चित्रपटाच्या संगीताची कल्पना असणें शक्य नव्हतें. त्याचा गज मात्र येथें चांगला लागू पडतो.

‘मी वसंतराव’ मधील जुनीं नाट्यपदें ऐकतांना आरसा आणि चित्र यांच्या सीमेवर आल्यासारखें वाटतें, हें मान्य केलें पाहिजे. दीनानाथी पदांत तर तिहेरी गुंता आहे: नातू आजोबांसारखें गातो, आणि आजोबा त्या ठिकाणीं दीनानाथांसारखे गात असत. कोठें कोणाची झडप, हें सांगणें मुष्कील. पण नव्या रचनांकडे वळलें कीं हवा बदलते. वैभव जोशी यांचे शब्द घेऊन बांधलेल्या चालींत वसंतरावांची कोणतीही ओळखीची जागा जशीच्या तशी सांपडत नाहीं. वाद्यमेळ आजचा आहे, ध्वनिमुद्रण आजचें आहे, आवाजाचा लगावही पुष्कळ ठिकाणीं मऊ आहे, वसंतरावांनीं ठेवला नसता इतका. आणि तरीही एक गोष्ट ओळखूं येते: सुरक्षित वाटेनें चाल समेवर येत असतां ती सोडून देऊन भलत्याच स्वराकडे जाण्याचें धाडस. हें धाडस फितींतून उतरवून घेतां येत नाहीं. तें प्रत्येक वेळीं स्वतःच करावें लागतें. आजोबांनीं जन्मभर जें केलें तें हेंच होतें, आणि नातू त्यांच्या सर्वांत जवळ येतो तो या गाण्यांत, जेथें तो त्यांच्यासारखा सर्वांत कमी दिसतो.

महाराष्ट्रांत या गोष्टीला एक मोठा पूर्वाधार आहे. कुमार गंधर्वांनीं बालगंधर्वांचीं पदें गाऊन जो कार्यक्रम केला व ज्याची पुढें तबकडी निघाली, त्याला त्यांनीं ‘मला उमजलेले बालगंधर्व’ असें नांव दिलें. त्या ‘मला’ या शब्दांत कुमारांची सगळी नम्रता आणि सगळा हट्ट आहे. बालगंधर्वांसारखें गाणारे तेव्हां गल्लोगल्लीं होते. कुमारांनीं तो नाद सोडून आपल्या कानाला काय लागलें तेवढेंच मांडलें. कित्येकांना तें रुचलें नाहीं, कारण त्यांना बालगंधर्व हवे होते, उमजलेले नको होते. ‘मी वसंतराव’ या नांवांतला ‘मी’ मात्र दुहेरी आहे. चरित्रनायक तो उच्चारतो, आणि त्याच्या वेषांत उभा असलेला नातूही तोच उच्चारतो. यांत धोका आहे. रक्ताचें नातें, चेहऱ्याचें साम्य, तीच पगडी, तोच आवाज, अशा सोयी एकत्र आल्या म्हणजे श्रोता भोळा होतो व गाण्याची परीक्षा विसरतो. या संग्रहाची वाखाणणी करणारे कित्येक लोक खरें पाहतां या नात्याचीच वाखाणणी करीत असतात.

एक उणीव मात्र स्पष्ट आहे, आणि तिचा दोष कोणाकडे द्यावा हें कठीण आहे. चित्रपटाचें गाणें चार-पांच मिनिटांचें. वर वर्णिलेला मारवा चार मिनिटांत उभा राहात नाहीं. षड्ज टाळण्याची गंमत कळण्यासाठीं तो आधीं हवासा वाटावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो. दीनानाथांच्या काळीं तबकडीच्या एका बाजूस तीन मिनिटें मिळत, व त्यांनीं तेवढ्यांत आभाळ कोंबलें हें खरें. पण तें नाट्यपदाचें आभाळ होतें, ख्यालाचें नव्हे. वसंतराव ज्या वसंतरावांमुळें जाणत्यांना प्रिय होते, तो रात्रीं दोन वाजतां मैफलींत बसलेला, तबल्याशीं खोडी काढणारा, एका स्वराभोंवतीं अर्धा तास घिरट्या घालणारा गवई या संग्रहांत फार थोडा आला आहे. त्यासाठीं जुन्या खरखरीत ध्वनिमुद्रणांकडेच जावें लागतें. तरुण श्रोत्यांपैकीं कांहीं जण या बोलपटानंतर तिकडे वळले असतील, तर त्या चार मिनिटांचें काम झालें.

घराण्याचा प्रश्नही या निमित्तानें नव्यानें उभा राहतो. तीन पिढ्या गेल्यावांचून घराणें म्हणूं नये, असा जुना संकेत आहे. आजोबांनीं आपलें घराणें आपल्यापासून सुरू होतें असें म्हटलें, आणि आज तिसरी पिढी व्यासपीठावर आहे. हिशेब बरोबर जुळतो. पण त्या घराण्याचा नियम एवढाच कीं, प्रत्येकानें आपल्यापासून सुरुवात करावी. तो पाळला तर नातू त्या घराण्याचा राहात नाहीं, आणि मोडला तरीही राहात नाहीं. हा पेंच सुटलेला नाहीं, व राहुल देशपांडे यांच्या पुढच्या गाण्यांतही तो दिसत राहील.

नागपुरांत वसंतरावांच्या नांवाचें मोठें सभागृह आहे, व त्यांच्या स्मृतीसाठीं तेथें संगीत समारोह होतो. मूर्तिजापुरास आगगाडी अजून थांबते, ती मुंबई-नागपूरची मोठी गाडी. शकुंतलेचे रूळ गवतांत गेले आहेत. ज्या वर्षीं हा बोलपट आला, त्याच वर्षाच्या ११ डिसेंबरला नागपूर ते शिर्डी हा समृद्धि महामार्गाचा पहिला टप्पा खुला झाला. तो वाशीम जिल्ह्यांतून, कारंज्याजवळून जातो. रात्रीच्या वेळीं त्या रस्त्यानें जाणाऱ्या मोटारींत कोणी हीं गाणीं लावीत असेल, तर कारंज्याच्या फांट्यापासून त्या गवयाचें जन्मगांव एका ख्यालाच्या अंतरावर आहे. मात्र हल्लींच्या वेगानें तिकडे वळलेली मोटार विलंबितांतून द्रुतांत येण्यापूर्वींच तेथें पोहोंचते.